झोळीवाला खादाड कसा झाला

गेल्या जूनमध्ये तुम्ही दोघं मोताळ्याला आलात, तेव्हा शेतात सोयाबीनची पेरणी चालली होती आणि चिखलात जायला तुम्ही तयार नव्हतात. तुम्ही टीव्हीला तुमचं यंत्र जोडलंत आणि खेळायला बसलात. मी मागे भाजी निवडत बसायचे. पडद्यावरची इंग्रजी वाक्यं मी मोठ्यानं वाचली, तेव्हा धाकटी म्हणाली, "आजी, तुला वाचता येतं हे?"

मी म्हटलं, "तुझ्या बाबाला ए-बी-सी-डी शेजारच्यांनी शिकवली काय?"

खेळाच्या डबीवरच्या चित्रात दोन नायक होते, एकाच्या हातात तलवार आणि दुसऱ्याच्या खांद्यावर औषधांची झोळी. त्यांची नावं लांबलचक, म्हणून मी माझ्यापुरतं एकाला तलवारवाला आणि दुसऱ्याला झोळीवाला म्हणू लागले. दोन दिवसांत तुम्हीही तसंच म्हणायला लागलात. तलवारवाला उंच, कमी बोलणारा. झोळीवाला बुटका, अंगानं भरलेला, जखमींना औषध देणारा. पण मी आधी पाहिले ते मूळ खेळातून पुढे निघालेले छोटे खेळ, ज्यांना तुम्ही स्पिन-ऑफ म्हणता. त्यांत झोळीवाल्याकडे झोळीच नव्हती. मोटारींच्या शर्यतीत त्याचा एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हातात कोंबडीची तंगडी. स्वयंपाकाच्या खेळात तो पाहुण्यांच्या आधी स्वतःच पातेलं साफ करायचा. फुटबॉलमध्ये तो नुसता टेकला तरी गोलचा खांब मोडायचा. तलवारवाला मात्र शर्यतीतही असा गंभीर, की जणू राज्य वाचवायलाच निघाला आहे.

धाकटी हसून हसून गादीवर लोळली. "आजी, हा तर आपला काका!"

"हो ना," थोरला म्हणाला, "टोपलंभर रोडगे!"

मीही हसले. त्या गोष्टीला आपल्याकडे सगळेच हसतात.

तुमचा काका, माझा धाकटा मुलगा, तीन वर्षांपूर्वी काविळीचं निमित्त होऊन गेला. लग्न जमता जमता राहिलं होतं. तुम्ही त्याला पाहिलंत ते बहुतेक फोनच्या पडद्यावरच. तुमच्याकडे त्याची एकच गोष्ट आहे, तुमचा बाबा घरी पाहुणे आले की सांगतो ती: "मी नोकरीला परदेशी निघालो. माझी जीप कोपऱ्यावर वळली नाही, तोच आमच्या भाऊरायानं माझ्या वाटणीचे टोपलंभर रोडगे हाणले!" मग तो पोट फुगवून चालून दाखवतो आणि तुम्ही दोघं टाळ्या पिटता.

मला कोणतीही गोष्ट पहिल्या पानापासून लागते. म्हणून मी मूळ खेळ दाखवा म्हटलं. थोरला कुरकुरला, "आजी, तो खूप मोठा आहे, आणि त्यात हसायला काही नाही." तरी त्यानं माझ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुपारची जेवणं आटोपली की आपण तिघं बसायचो.

त्या खेळात झोळीवाला फक्त एकदा जेवतो. खिंडीतली लढाई संपलेली असते. छावणीत एक म्हातारी स्वयंपाकीण मोठं पातेलं चुलीवर ठेवून बसलेली. ज्यांच्यासाठी रांधलं त्यांतले बहुतेक परत येत नाहीत. तलवारवाला आत येतो, पातेल्याकडे पाहतो, त्याच्यानं घास उचलवत नाही, तो उठून बाहेर जातो. झोळीवाला खाली बसतो आणि ताट पुढे करतो. संपलं की पुन्हा पुढे करतो. मागे संगीत नाही. म्हातारी वाढत राहते, इतकंच.

मी थोरल्याला विचारलं, "मग पुढच्या खेळांत हा असा का केला?"

"लोकांना तो खाताना आवडला ना, आजी. मग प्रत्येक गेममध्ये तेच ठेवलं. झोळी काढून टाकली."

मी भाजीचं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही. तेव्हा तुम्हाला जे सांगितलं नाही ते आता सांगते.

तुमचा बाबा निघाला त्या दिवशी मी अंगणात रोडगे केले होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि फोडून तुपात बुडवायचे, हे तुम्ही खाल्लेलं आहे. गल्लीतले सगळे जेवून गेले. तुमच्या बाबाला घास गिळवत नव्हता. "आई, आत्ता नको," म्हणत तो बॅगांची कुलपं पुन्हा पुन्हा तपासत होता. म्हणून त्याच्यासाठी मी वेगळं टोपलं भरून, कापड बांधून ठेवलं होतं, मलकापूर स्टेशनपर्यंत आणि पुढे गाडीत खायला. जीप दारात आली, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. तुमच्या बाबानं टोपलं हातात घेतलं, पुन्हा ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "राहू दे आई, सामान जास्त होते." आजोबा त्याला पोचवायला जीपमध्ये बसले. जीप गेली.

मी आत आले आणि त्या टोपल्यासमोर बसले. रडत नव्हते. नुसती बसले होते. कोणी टोपलं उचललं असतं तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

काका गोठ्यातून हात धुऊन आला. तो तासाभरापूर्वीच गल्लीतल्यांबरोबर पोटभर जेवला होता. माझ्याकडे एकदा पाहिलं, मांडी घालून बसला, कापड सोडलं.

"वाढ आई."

"अरे, आत्ताच तर जेवलास."

"ते माह्या वाटणीचं होतं. हे दादाचं खाऊन राह्यलो. वरण हाय का गरम?"

मी उठले, वरण गरम केलं, वाढलं. तो खात होता आणि बोलत होता. "दादाले विमानात काय देतीन गं? पावच देतीन. मंग याद येईन त्याले. तूप घाल ना, हात काऊन आखडून राह्यली?" मी वाढत गेले. शेवटी तर मी हसलेसुद्धा. टोपलं रिकामं झालं तेव्हा तो म्हणाला, "झालं बा. आता फेकायले काहीच नाही राह्यलं." मग गोठ्यामागे गेला. तिथे तो ओकत होता, ते मला ऐकू आलं. मी टोपलं घासायला घेतलं.

आणि तुमच्या बाबाचा पोचल्याचा पहिला फोन आला, तेव्हा त्यानं घरच्यांची चौकशी करण्याआधी टोपल्याचं विचारलं. काकानं माझ्या हातातून फोन घेतला. "दादा, तुह्ये रोडगे मीच हाणले बे! तू वळला नाही तं मी बसलो." पलीकडून तुमचा बाबा मोठ्यानं हसला. पोचल्यावर तो पहिल्यांदा हसला असावा. ती गोष्ट तिथून सुरू झाली. काकानंच ती तशी सुरू केली आणि त्यानंतर कधी कोणाला वेगळी सांगितली नाही.

तलवारवाल्याला मी वाईट म्हणत नाही. त्याला घास गिळवला नाही, तो बाहेर गेला, आणि बाहेर त्याचं काय झालं ते खेळात दाखवत नाहीत. तुमच्या आजोबांनी मला नंतर सांगितलं, की मलकापूर येईपर्यंत तुमचा बाबा जीपच्या खिडकीकडे तोंड करून बसला होता. पण तुमच्या घरातल्या गोष्टीत काकाची झोळीही असावी, असं मला वाटलं. म्हणून तुम्ही परत गेल्यावर मी हे सगळं तुमच्या बाबाला फोनवर सांगितलं.

तो म्हणाला, "आई, मले वाटलं त्याले आवडतात म्हणून खाल्ले." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून तो ती गोष्ट सांगत नाही. पाहुणे आले तरी नाही. दुसरी कोणती त्याच्याकडे नाही, त्यामुळे तुमच्याकडे काकाचा विषयच निघेनासा झाला. खादाड काका होता तो मी मोडला आणि खरा काका त्या घरात अजून कोणी आणला नाही. मागच्या रविवारी मीच हिंमत केली. तुमचा बाबा सांगायचा तशीच, हसत, मी फोनवर सुरुवात केली. जीप कोपऱ्यापर्यंत आणली आणि तिथेच अडले. तुमचा बाबा म्हणाला, "आई, राहू दे."

मागून धाकटीनं विचारलं, "मग काय झालं?"

त्याचं उत्तर म्हणून हे लिहिलं आहे. दोघं मिळून वाचा, आणि बाबाला मोठ्यानं वाचून दाखवा.