वानखडे सिस्टरांची मोबिलिटी

वानखडे सिस्टर घरी पलंगावर पडल्या पडल्याही वॉर्ड चालवायच्या. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, तरी मी दारात पाऊल टाकलं की हाक यायची, "चप्पल बाहेर, हात धू, मंग जय भीम म्हन." उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेलेला. मी अमरावतीच्या राजापेठेतली फिजिओथेरपिस्ट, त्यांच्या मुलीच्या वयाची. माझी काय टाप होती उलट बोलायची!

पेशंट म्हणून मात्र महाबिलंदर. पाय उचला म्हटलं की अर्ध्यातच थांबून म्हणायच्या, "झालं. मले नको शिकवू, लोकायले उठवता उठवता माये केस पांढरे झाले."

नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहत; ऑपरेशननंतर शेजारीच हवं-नको पाहत. मुलगा प्रशांत अकोल्याला. भला माणूस. त्यानं आईसाठी खालची खोली तयार केली, भिंतीला धरायला दांडे बसवले, व्हीलचेअर आणली आणि एका रविवारी न्यायलाच आला. सिस्टर नाही म्हणाल्या, तेव्हा त्यानं मला मध्ये ओढलं. "मॅडम, तुमीच सांगा, आई एकटी राहू शकते का?"

"सध्या मोबिलिटी कमी आहे," मी म्हटलं. आमच्या धंद्यातलं गुळगुळीत उत्तर.

"मोबिलिटी म्हंजे काय वं?" सिस्टरांनी विचारलं. शब्द त्यांना चांगला ठाऊक होता. परीक्षा माझी होती.

"हालचाल करता येणं."

"हालचाल तर पंखाबी करते. जाऊन राहिला का कुठी?"

"आई, म्हनशीन तिथं नेतो ना तुले," प्रशांत म्हणाला.

"बाप्पा! नेनं अन् जानं एक हाय का? स्ट्रेचरवर मीबी लय लोक नेले. मनात आलं तवा, मनात आलं तिथं, आपल्या पायानं गेलं अन् वापस आलं, त्याले म्हनते मोबिलिटी."

शेवटी प्रशांतनं दिवाळीपर्यंतची मुदत दिली. तोवर एकटीनं हिंडूफिरू लागली तर ठीक, नाहीतर अकोला. मग काय विचारता! बाई हट्टालाच पेटल्या. आधी वॉकर, मग काठी, मग गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्याशी हुज्जत घालून परत. पातळ घामानं भिजायचं, पण तोंडातून हूं की चूं नाही. मला त्यांचा फार लळा लागला होता, हे इथं सांगूनच टाकते.

एका सकाळी गेले, तर दाराला कुलूप. फोन बंद. शेजाऱ्यांना पत्ता नाही. कुठं पडल्या असतील तर? दुपारी प्रशांतचाच फोन आला.

"मॅडम, आई आली ना इथं! एकटी! एसटीनं!" तो रडत होता की ओरडत होता, कळेना. "कंडक्टर हात देऊन राहिला होता तर त्याले रागावली म्हने. चहा पेली, खोली पाह्यली, अन् आता म्हनते, 'मी राहाले येत नाही, येवढंच सांगाले आली होती. चालली मी.'"

मला रागही आला आणि रडूही.

"गाडीनं अमरावतीले सोडून देऊ का?" त्यानं विचारलं.

"स्टँडपर्यंत सोडा," मी म्हटलं. "पुढं त्या जातील."