डाव्या अंगठ्याच्या नखुल्या

सुलू गेल्याचं दाजींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी साताऱ्याच्या घरी कणीक मळत होते. "मिनाताई, सुलू गेली ओ सकाळी," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. अशा वेळी खरं मनात काय आलं ते कुणी लिहीत नाही, पण मी लिहिते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की म्हणजे शेवटचा शब्द तिचाच झाला. रडू त्यानंतर आलं. आज महिना होऊन गेला तरी हा क्रम काही मला बदलता येत नाही.

सुलू माझी चुलत बहीण, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. सांगलीला विश्रामबागेत ती इटालियन स्वयंपाकाचे वर्ग घ्यायची. कॉलेजच्या मुली, डॉक्टरांच्या बायका, आणि कांदालसूण वर्ज्य असलेल्या जैन घरांतल्या सुनासुद्धा यायच्या. आधी ती भांडं चुलीवर चढवूच द्यायची नाही, आधी इतिहास. म्हणायची, टोमॅटो मुळात इटलीचा नाहीच, आपल्या मिरचीसारखाच तोही समुद्रापलीकडून आलेला पाहुणा. पाहुणा घरात असा रुळला की आता तोच घरमालक वाटतो. आणि इटलीचं म्हणून एक जेवण कधी नव्हतंच. दर गावाची पिठाची रीत वेगळी, आणि शेजारच्या गावाची साफ चुकीची. पोटासाठी परदेशी गेलेले लोक तिथं एका गल्लीत राहिले, एकमेकांच्या चुली पाहिल्या, तेव्हा कुठं सगळ्यांचं मिळून 'इटालियन' झालं. "हायवेवरच्या ढाब्यांनी आपल्या सगळ्यांच्या रश्श्याला एकच नाव दिलं, तसंच की," असं म्हणून ती हसायची. चांगलं बोलायची. हे कबूल करताना आजही माझ्या पोटात दुखतं.

या साऱ्याचं मूळ आमच्या उंब्रजच्या घरात होतं. लग्न ठरलं की आमच्याकडं वळवट करायला बायका जमायच्या. कणकेचे इवले गोळे करून कुणी गव्हले वळायच्या, कुणी नव्या फणीवर दाबून फणुल्या, कुणी अंगठ्याच्या नखानं ओढून नखुल्या. वाळवून ठेवायच्या आणि लग्नाच्या खिरीत घालायच्या. सुलू सहा वर्षांची असल्यापासून त्या गोलात बसायची. मी डावखुरी. डाव्या हाताचं वळवट शुभकार्याला चालत नाही, म्हणून काकू माझ्या हातात काठी द्यायची आणि वाळवणावरचे कावळे हाकायला अंगणात बसवायची. आत आमचे आजोबा, तात्या, बाजेवर बसून गोष्टी सांगायचे. मोठ्या लढाईत ते फौजेतून इटलीला गेले होते. गोष्टी त्यांनी तशा सगळ्यांना सांगितल्या, पण सगळे म्हणजे आत बसलेले. मला बाहेर फक्त हसण्याचा आवाज यायचा.

सुलूचे वर्ग चालले ते तात्यांच्या एका गोष्टीवर. इटलीच्या दक्षिणेला पलटण मुक्कामाला होती. एका शेतकऱ्याच्या दारात म्हातारी बाई पिठाचे गोळे अंगठ्यानं ओढून कानाच्या पाळीसारखे करत होती. तात्या थबकले. बूट काढून तिच्यापुढं मांडी घालून बसले आणि आईचं पाहून शिकलेल्या नखुल्या वळायला लागले. भाषा एकमेकांची ठाऊक नाही. म्हातारीनं त्यांची एक नखुली उचलली, आपण ओढलेल्या एकीशेजारी ठेवली, आणि पदरासारखा बांधलेला फडका डोळ्यांना लावला. सुलू गोष्ट इथंच संपवायची. मग वर्गातल्या बायका डोळे पुसायच्या.

दोन वर्षांपूर्वी मीही त्या वर्गात मागं बसले होते. माझा नुसता जळफळाट झाला. तात्या माझेही होते, आणि माझ्या वाट्याला त्यांच्या आयुष्यातली एक चिमूटसुद्धा आली नव्हती. मी उठून म्हणाले, "तात्या मला हे कधीच बोलले नाहीत. तू पदरचं घालून सांगतेस." सुलूनं हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "तू कावळं हाकत हुतीस गं तवा." सगळ्या हसल्या. मी पर्स उचलून निघाले ते दोन वर्षं तिच्याशी बोलले नाही.

तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मात्र राहवलं नाही. गेले तर ती पलंगावर उशांना टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर निपचित, पुढ्यात ताट, ताटात कणीक. डाव्या अंगठ्यानं एकेक गोळा ओढत होती. जमत नव्हतं. माझ्याकडं न बघता, जड जिभेनं म्हणाली, "ती म्हातारी डावखुरी हुती, मिने."

"कोण म्हातारी?"

"इटलीची. तात्या ही गोष्ट सांगायचं ते तेवढ्यासाठीच गं. न्हाईतर कशाला सांगतील? दर बारी म्हणायचं, आपल्या मिनीगत डावखुरी, डाव्या अंगठ्यानं वळत हुती. मिनीला कवा तरी गोलात घ्या म्हणायचं. बायका ऐकत न्हवत्या."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं तेवढंच का गाळलंस?"

तिनं फाटलेली नखुली ताटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाली, "सांगितलं असतं तर गोष्ट तुझी झाली असती."

मी उठले. स्टँडवर आले, साताऱ्याची गाडी पकडली. कऱ्हाड गेलं, उंब्रज गेलं, मी खिडकीतून बघितलं नाही. राग होता, आणि रागाच्या आत एक लबाड आनंद, की जिच्यावर मी जन्मभर जळले तीही माझ्यावर जळत होती. परत जाऊन हे तिला सांगावं असं रोज वाटायचं. आठवडाभर थांबू, तिला जरा झोंबू दे, असं म्हणत मी तीन आठवडे काढले. मग दाजींचा फोन आला.

दहाव्याला तिच्या अश्विनीनं माझ्या हातात एक काचेची बरणी दिली. "मावशी, आईनं तुझ्यासाठी ठेवलीय. खिरीत घालू नको म्हणाली, नुसती ठेव." बरणीत नखुल्या होत्या. जाडजूड, काठ फाटलेल्या, आणि सगळ्यांचा कल उलटा, डाव्या अंगठ्याचा. बरणी आता माझ्या ओट्यावर असते. रोज पोळ्यांची कणीक मळून झाली की मी एक चिमूट काढून एक नखुली ओढते, बरणीतली एक काढून तिच्याशेजारी ठेवते आणि बघते. साठ वर्षांत कुणी शिकवलं नाही तरी माझी पातळ येते, गोल येते, काठ शाबूत. माझी सरस आहे, यात वाद नाही. पण ते कबूल करायला सुलूच हवी होती.