अंजनाचा पलंग

देवानं माणसं मातीची केली म्हणतात. माझा मामा मात्र त्यानं अंजनाच्या लाकडाचा केला असावा, आणि करताना दोन-तीन रंधे नक्कीच बोथट झाले असावेत. जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव अंजनवाडी. नाला अंजनाचा, फाटा अंजनाचा, चहाच्या टपरीवरही नाव अंजनाचंच; खरी झाडं मात्र टेकडीवर उरलीत चार. एस.टी.तून ती दिसली की मामा उभा राहून नमस्कार करतो आणि शेजारच्या प्रवाशालाही करायला लावतो. "अबे, ज्याच्या नावाचं तिकीट काढलं, त्याले हात तं जोड!"

सुतारकीत पन्नास वर्षं गेली, पण सागवानाला तो लाकूड मानायला तयार नाही. कुणी लाकूड दाखवलं की तुकडा बादलीत टाकतो. "बुडलं तं लाकूड. तरंगलं तं खारी बिस्किट!" घराचं अंजनाचं दार त्याच्या बापाच्या हातचं. ते फोडायला आलेल्या चोराची पहार वाकली, पटाशी तुटली, आणि शेवटी बिचाऱ्यानं कडी वाजवून पाणी मागितलं, असं मामा सांगतो. पाणी मी दिलं, असं मामी सांगते. म्हणजे गोष्ट खरीच असणार.

सुमी त्याची एकुलती पोरगी. तिचं लग्न पुण्याला ठरलं आणि भाजीत मीठ आहे की नाही, हेही मामाला कळेनासं झालं. बापानं ठेवलेल्या अंजनाच्या जुन्या तुळया काढून मधल्या खोलीत त्यानं तिच्यासाठी पलंग करायला घेतला. तीन महिने ठोकाठोकी. एक खिळा नाही. सगळे सांधे पाचर मारून बसवलेले, ब्रह्मदेव आला तरी सुटायचे नाहीत. पाठवणीच्या दिवशी टेम्पो दारात लागला. आम्ही आठ जणांनी पलंग उचलला आणि दारात अडकलो. आडवा धरला, उभा धरला, तिरपा धरला. पलंग चौकटीपेक्षा चार बोटं मोठा!

"चौकट कापा की," नवरदेवाचे काका म्हणाले.

"माह्या बापाच्या हातची हाय."

"मग पलंग कापा."

मामानं असं काही पाहिलं, की काका मुकाट्यानं टेम्पोत जाऊन बसले.

"म्हातारा सटकला," बायका कुजबुजल्या. "पोरीचं आंदण घरातच राह्यलं!"

सुमी शालू सावरत आत आली. पलंगावर बसली, कडेवरून हात फिरवला. "राहू द्या न, बाबा. मी आली का मले झोपाले पाहिजेच ना इथं." टेम्पो कपाट आणि भांडी घेऊन गेला.

पुढं महिन्याभरानं मी गेलो, तेव्हा राहवलं नाही. "मामा, पन्नास वर्षांत तुमचं माप कधी चुकलं नाही. आताच काऊन चुकलं?"

"वय झालं बे."

"काही वय नाही झालं," चुलीपाशी बसलेली मामी म्हणाली. "पलंग करायच्या आधी चौकट तीनदा मोजली यायनं. मी पाह्यलं."

मामानं ऐकलं नसल्यासारखं केलं. तो पलंगावरची चादर झटकून पुन्हा नीट अंथरत होता. सुमी यायला अजून दिवाळीपर्यंतचा अवकाश होता.