कंपनीचा माणूस आला की चालणारा कॉम्प्युटर

आमच्या घरचा नवा कॉम्प्युटर बरोबर सव्वीस मिनिटं चालायचा.

सव्वीस म्हणजे सव्वीस. मी घड्याळ लावून मोजलंय. सत्ताविसाव्या मिनिटाला आतून एक उसासा यायचा आणि स्क्रीन काळी! कंपनी नामांकित आहे. नाव सांगत नाही, कारण वाईट सांगितलं तरी ती त्यांची जाहिरातच, आणि ती फुकटात करायला मी काही त्यांचा जावई नाही.

आधी माझी ओळख. मानपाड्याला माझा सीट कव्हरचा गाळा आहे. एका जुन्या शिलाई मशीनवर सुरुवात केली, आज सात मशीन आहेत. डोंबिवलीत तुम्ही रिक्षात बसला असाल तर बहुतेक माझ्याच कामावर बसला आहात. रेक्झिनवाला, फोमवाला, दोरेवाला, कोणीही मला पहिल्या भावात माल विकलेला नाही. डोकं जरा गरम आहे, हे मान्य. पण थंड डोक्याने धंदा होतो हे मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही.

कॉम्प्युटर घेतला तो बायकोसाठी. सुलभाने अठरा वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मग शाळेने मराठी माध्यमच बंद केलं आणि बाई घरी बसल्या. दोन वर्षं ती रोज सकाळी लाल पेन घेऊन वर्तमानपत्र तपासायची. अग्रलेखाला दहापैकी चारच्या वर कधी दिले नाहीत! आणि एके दिवशी नेदरलँड्सहून फोन आला. तिकडच्या मराठी आईबापांनी मुलांसाठी शनिवारची मराठी शाळा काढली होती, ऑनलाइन. त्यांना बाई हव्या होत्या. आधी एक चाचणी वर्ग, तो जमला तर कायमचं काम.

त्या रात्री जेवताना सुलभा आपणहून गाणं गुणगुणली. आमटीत मीठ विसरली. मी न बोलता खाल्ली (यावरून प्रसंगाचं महत्त्व लक्षात यावं).

"कॉम्प्युटर घेऊ," मी म्हणालो. "नवा. ब्रँडेड."

"अहो, भाच्याचा जुना आहे की."

"तो चालू होईपर्यंत तिकडची मुलं मॅट्रिक होतील!"

आता कॉम्प्युटर घ्यायचा तर लोक दुकानात जातात. मी सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. दुकानात काय, सगळेच दात दाखवतात. कंपनी खरी कळते ती दुरुस्तीच्या बाकड्यावर. ठाण्यात तीन कंपन्यांची तीन सेंटरं गाठली आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा तास नुसता बसून राहिलो. पहिल्या ठिकाणी अकरा माणसं, त्यातली दोन भांडत होती. दुसऱ्या ठिकाणी एक आजोबा लॅपटॉप मांडीवर घेऊन असे बसले होते की मला वाटलं, काही बरंवाईट झालं. तिसऱ्या ठिकाणी मात्र चिटपाखरू नाही! काउंटरवरच्या बाईंना मला बघून इतका आनंद झाला की त्यांनी चहा मागवला.

"रोज असंच असतं का?" मी विचारलं.

"हो ना हो. पंधरा दिवस झाले, कोणी फिरकलेलं नाही."

मी मनात टाळी वाजवली. बिघडतच नाही म्हटल्यावर येईल कोण? ठरलं. हीच कंपनी!

दुकानदाराला मी तीन तास दिले. दुसऱ्या तासाला त्याने एसी बंद केला, पण मी रेक्झिनच्या गाळ्यात आयुष्य काढलेला माणूस. मला काय होतंय!

"शेठ, ही कंपनीची वस्तू आहे, भाजी नाही. एकच भाव."

"भाव कोण विचारतंय? बिघडला तर काय ते सांग."

"बिघडणारच नाही हो!"

"मग तीन वर्षं घरी येऊन फुकट दुरुस्ती, एवढं बिलावर लिहून द्यायला तुझं काय जातंय?"

त्याने बिल पुढे ओढलं. मग त्याने लिहून दिलं. लिहिताना त्याने दोनदा पाणी मागवलं, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं.

कॉम्प्युटर देखणा होता. स्क्रीन आणि यंत्र सगळं एकातच, मागच्या बाजूला बारीक जाळीची नक्षी. घरी आणल्यावर तासाभरात मी त्याचं माप घेतलं. आमच्या घरात मिक्सरला कव्हर आहे, फ्रिजला आहे, गॅसच्या सिलिंडरला आहे, टीव्हीच्या रिमोटला आहे. उघड्या अंगाने हिंडतो तो मी एकटाच. कॉम्प्युटरसाठी मी चॉकलेटी रेक्झिन काढलं, तेसुद्धा नव्या गाड्यांच्या सीटला घालतो ते, आतून अर्धा इंच फोम, कडेला दुहेरी शिलाई. पुढून फक्त स्क्रीनपुरती चौकट उघडी. बाकी मुंगीला शिरायला जागा नाही!

पहिल्याच दिवशी सुलभा सराव करायला बसली आणि सव्वीस मिनिटांनी ओरडली, "अहो, गेला!"

"कोण?"

"कॉम्प्युटर!"

चार दिवस रोज हेच. पाचव्या दिवशी नेदरलँड्सच्या मृण्मयीताईंबरोबर रंगीत तालीम होती. त्या तिकडच्या शाळेच्या प्रमुख. सुलभा पोटतिडकीने जोडाक्षरं समजावत होती आणि 'ज्ञ' वर आली असताना पडदा पडला. दहा मिनिटांनी मृण्मयीताईंचा फोन आला. बोलणं अगदी गोड.

"काकू, तुम्ही छानच शिकवता हो. पण शनिवारी असं मध्येच बंद पडलं तर अवघड होईल. तशा पुण्याच्या एक मॅडम तयार आहेत..."

सुलभाने फोन ठेवला आणि लाल पेन घेऊन वर्तमानपत्र पुढे ओढलं. मला ते बघवेना. शिवाय पुण्याच्या! डोंबिवलीत राहून हा अपमान गिळायचा?

स्कूटर काढली आणि थेट ठाणे. माझं ते रिकामं, शांत, आदर्श सर्व्हिस सेंटर बंद होतं! दारावर भलामोठा कागद: 'आमचे सेंटर कळव्याला हलवले आहे.' कागद जुना होता. मागच्या वेळी काचेचं दार आतल्या बाजूला उघडं होतं, त्यामुळे कागद भिंतीला आणि मी कागदाच्या पाठीला बघत चहा प्यालो होतो! त्या बाई नुसतं उरलेलं सामान राखायला होत्या. तिथे कोणी फिरकत नव्हतं, कारण सगळं गाव कळव्याला फिरकत होतं.

कळव्याच्या सेंटरमध्ये एकोणतीस माणसं होती. मी तिसावा. तिथे मी जे बोललो ते इथे छापता येणार नाही, पण त्याचा परिणाम म्हणून दुसऱ्याच दिवशी कंपनीचा माणूस घरी आला.

हे डिमेलो. वय पंचावन्नच्या पुढे, पांढऱ्या मिशा, हातात पेटी, चेहऱ्यावर अशी शांती की माझं डोकं आणखी फिरलं. वसईकडचे, घरी अजून केळीची बाग. ते येणार म्हटल्यावर सुलभाने घर आवरलं. पाहुणे येणार असले की आमच्याकडे सगळी कव्हरं उतरतात. ती रोजच्यासाठी असतात. चार लोकांसमोर वस्तू कशी नवीकोरी दिसायला हवी!

डिमेलोंनी कॉम्प्युटर लावला. सव्वीस मिनिटं झाली. तीस झाली. पन्नास झाली. तो चालू!

"चांगला आहे की ओ शेठ," डिमेलो म्हणाले.

"आता चालतोय! तुम्ही गेल्यावर बंद पडतो!"

"मग मी जातच नाही," ते म्हणाले आणि हसत निघून गेले. सुलभाने मिक्सरपासून रिमोटपर्यंत सगळ्यांना पुन्हा कपडे चढवले. संध्याकाळी सव्वीस मिनिटं. फट्!

दुसऱ्यांदा डिमेलो आले, कव्हरं उतरली, यंत्र तास दीड तास सुतासारखं सरळ. ते गेले, फट्! तिसऱ्यांदा तेच. आता मला पक्कं कळलं होतं. कंपनीने आत काहीतरी चिप बसवली आहे. आपला माणूस आला की ओळखते आणि शहाण्यासारखी वागते. सोसायटीत मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. दोघांना पटलंसुद्धा!

शनिवार उजाडला. वर्ग पाचला. मी डिमेलोंना फोन केला, "वर्ग संपेपर्यंत तुम्ही माझ्या घरात बसायचं. माझ्या बायकोचं काम गेलं तर मी कळव्याला येऊन उपोषणाला बसेन!"

"मच्छी आहे का?" त्यांनी विचारलं.

"पापलेट आणतो!"

पाचला वर्ग सुरू झाला. स्क्रीनवर सहा मुलं, मागे त्यांचे आईबाप, कोपऱ्यात मृण्मयीताई. सुलभाने जरीकाठाची साडी नेसली होती आणि तिचा आवाज असा लागला होता की मला माझ्या शाळेतल्या बाई आठवल्या (आणि हात आपोआप मागे गेले). वीस मिनिटं झाली. पंचवीस. सव्वीस! सत्तावीस. अठ्ठावीस. चालू!

आता खरं सांगतो, लाज वाटते, पण सांगतो. बायकोचा वर्ग रंगला होता आणि मी मनात म्हणत होतो, एकदा तरी बंद पड की लेका! हा डिमेलो इथे बसलाय तोवर!

डिमेलो स्वयंपाकघरात पापलेट संपवून हात पुसत होते. ओट्याखाली सुलभाने घाईने कोंबलेला कव्हरांचा ढीग होता. त्यांनी त्यातून चॉकलेटी रेक्झिन ओढून काढलं.

"हे कसलं हो?"

"कव्हर."

"कसलं?"

"कॉम्प्युटरचं. आपलं काम आहे. बघा शिलाई!"

डिमेलोंनी ते उलटंसुलटं केलं. फोम दाबला. स्क्रीनच्या चौकटीतून माझ्याकडे पाहिलं. "हे घालून चालवता?"

"मग काय, नागडा चालवू?"

"आणि मी येतो तेव्हा?"

"तेव्हा काढतो. पाहुण्यांसमोर कव्हर बरं दिसतं का?"

डिमेलो खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांच्या मिशा हलत राहिल्या. "शेठ, मागे जाळी आहे ना, ती कशाला असते?"

"नक्षी!"

"गरम हवा बाहेर जायला! तुम्ही हा कोट घालून मे महिन्यात डोंबिवलीत सव्वीस मिनिटं उभे राहाल का?"

माझं डोकं गेलं ते इथे. माझ्या शिलाईला कोणी नाव ठेवलेलं नाही! "कव्हरने कधी कॉम्प्युटर बंद पडतो का? भामटे आहात तुम्ही! सगळी कंपनी भामटी! थांबा, आता घालूनच दाखवतो!" म्हणत मी कव्हर घेऊन तडक हॉलमध्ये गेलो.

पुढचं मला नंतर मृण्मयीताईंकडून कळलं, म्हणजे तिकडून ते कसं दिसलं. बाई 'आई भाकरी करते' शिकवत होत्या. मागून एक लाल चेहऱ्याचा माणूस चॉकलेटी पोतं घेऊन आला आणि सगळ्या जगावर अंधार पडला. मग अंधारातून आवाज.

"अहो! काय करताय? मुलं बघताहेत!"

"बघू देत! सगळ्यांना कळू दे या लुटारूंचं!"

"सोडा शेठ, उसवेल!"

"माझी शिलाई उसवत नाही!"

डिमेलो एका बाजूने ओढत होते, मी दुसऱ्या. शिलाई खरंच उसवली नाही (हे कंपनीने लक्षात घ्यावं). कव्हर सटकलं, मी दिवाणावर उताणा पडलो, पोतं माझ्या तोंडावर. आणि त्या शांततेत कॉम्प्युटरमधून एका मुलाचा आवाज आला, अगदी स्पष्ट मराठीत:

"बाई, भामटे म्हणजे काय?"

सुलभाने पदर सावरला, माझ्याकडे एक नजर टाकली (ती अजून दुखते) आणि म्हणाली, "छान प्रश्न! वहीत लिहा. भामटा म्हणजे फसवणारा माणूस. आता सगळ्यांनी एकेक वाक्य करा."

सहा मुलांनी सहा वाक्यं केली. चार माझ्यावर होती.

वर्ग पंचेचाळीस मिनिटं चालला. मृण्मयीताई डोळे पुसत होत्या. "काकू, काम तुमचंच! मुलं एवढी कधी बोलतच नाहीत हो." सुलभाने तिथल्या तिथे लाल पेन माझ्या खिशात खोचलं आणि म्हणाली, "घ्या, आता वर्तमानपत्र तुम्ही तपासा." डिमेलोंनी जाताना त्यांचा कागद भरला. बिघाडाचं कारण या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला: रेक्झिन. मी सही केली. पण कंपनीवरचा राग माझा गेलेला नाही. जाळीवर 'ही नक्षी नव्हे' एवढं लिहायला काय होतं त्यांना?

आता मुलांच्या आग्रहावरून दर शनिवारी शेवटची दहा मिनिटं मला बसवतात. विषय, व्यवहारातलं मराठी. मागच्या आठवड्यात बाजार शिकवला. मी दुकानदार, सात वर्षांची इरा गिऱ्हाईक, आणि विकायला एक काल्पनिक कॉम्प्युटर.

"केवढ्याला?" इराने विचारलं.

"शंभर युरो."

"दहा."

"अगं बाई, दहात त्याचं एक बटणसुद्धा येत नाही!"

इरा उठली आणि निघूनच गेली. स्क्रीनवर रिकामी खुर्ची. बाकीची पाच मुलं माझ्याकडे बघताहेत. मी पाच सेकंद दम धरला. दहा सेकंद. पंचवीस वर्षं भल्याभल्या रेक्झिनवाल्यांना मी असंच झुलवलं, पण अशी ताठ पाठ एकाचीही पाहिली नव्हती. माझ्या कपाळावर घाम आला.

"इरा! अगं ए इरा! ये इकडे! दहा तर दहा! घेऊन जा!"

तिची आई स्क्रीनवर आली आणि म्हणाली, "थांबा हं काका, ती शू करायला गेलीय."