चौदाचा पाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अशोकला नाही, आणि मधूला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण बघा ना — दोन ओळी झाल्या आणि अडलोच.

आधी मधूबद्दल सांगतो. म्हणजे निदान सुरुवात तरी होईल.

मधू माझा शाळेपासूनचा मित्र. मूळचा कुहीकडचा, घरी धानाची शेती. शिकायला म्हणून नागपुरात मामाकडे आला आणि इथलाच झाला. प्रताप नगरात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचो. आमच्यातला तिसरा अशोक, लग्नाच्या मांडवांचा ठेकेदार. त्याला माईक लागत नाही, एवढा आवाज. पोरं मोठी झाल्यावर आम्हा तिघांना मोटारसायकलवरून लांब जाण्याचं खूळ लागलं. लग्नसराई संपली की अशोक म्हणायचा, निघा. आम्ही निघायचो.

गाड्यांचा क्रम ठरलेला असे. पुढे अशोक, मध्ये मी, शेवटी मधू. मधूची गाडी सगळ्यांत जुनी आणि मधू सगळ्यांत सावकाश. त्याला पेरू दिसला की थांबायचं असे, नदी दिसली की थांबायचं असे, एखाद्या म्हाताऱ्याने हात हलवला तरी थांबून त्याची विचारपूस करायची असे. म्हणून त्यानेच एक नियम केला होता. दिवसासुद्धा गाडीचा दिवा चालू ठेवायचा. पुढच्याने आरशात मागच्याचा दिवा बघत राहायचं. मागच्याला काही झालं — पंक्चर, घेरी, काहीही — तर त्याने दिवा बंद करायचा आणि जागा सोडायची नाही. फोनच्या भानगडीत पडायचं नाही, कारण गाडीवर फोन ऐकू येत नाही आणि जंगलात तो लागत नाही. दिवा दिसेनासा झाला की पुढचा मागे फिरेल. एवढंच. आताच्या नव्या गाड्यांचे दिवे बंदच होत नाहीत म्हणे. आमच्या तिघांच्याही जुन्या होत्या, बटणाच्या.

आणि हा नियम चालायचा. ज्या खेपेचं मला सांगायचं आहे, त्या खेपेला आम्ही नेपाळात पोखऱ्यापर्यंत गेलो होतो. तिथल्या एका घाटात वळण घेतलं आणि आरशातला पिवळा ठिपका गेला. मी परत फिरलो. मधू पंक्चर गाडीशेजारी दगडावर बसून संत्रं सोलत होता. अर्धं संत्रं त्याने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेलं होतं. म्हणाला, "आला का? मले माहीत होतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

परतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही सिवनीला चहाला थांबलो. आता घर आलंच होतं. खवासा, मनसर, कामठी, की नागपूर. अशोक रंगात आला होता. चहावाल्याला तो माझ्याकडे बोट दाखवून सांगायला लागला, "हा प्रमोद त मधूची आई झाला गा. पोरगं मागं राहिलं का पाहते, थांबते, पुन्हा पाहते. याच्या आरशात रस्ता कमी न मधूच जास्त."

मधू सगळ्यांत जास्त हसला. म्हणाला, "असू दे ना बे. तुले काहून जळते? तुले कोणी पाहत नाही म्हणून?"

मीही हसलो. पण ते मला लागलं. एवढ्याशा थट्टेने का लागावं? बावन्न वर्षांचा माणूस मी तेव्हा. पण खरं सांगू? ते खरं होतं म्हणून लागलं. इतक्या दिवसांच्या प्रवासात मी माझ्या मनासारखी गाडी एकदाही चालवली नव्हती. डोंगर आले, गेले. माझं अर्धं लक्ष त्या पिवळ्या ठिपक्यावर. अशोक पुढे वाऱ्यासारखा जायचा. मधू मागे रमतगमत यायचा. दोघांच्या मध्ये मी, एक डोळा मागे ठेवून. हे काम मला कुणी दिलं होतं? कुणीच नाही. मी दुसऱ्या क्रमांकावर होतो, एवढंच.

खवाशाच्या पुढे जंगलातून नवा रस्ता जातो. खालून जनावरं जावीत म्हणून उंच उचललेला, दोन्ही बाजूंना भिंती, गुळगुळीत, सरळ. ऊन कोवळं होतं. अशोकने वेग घेतला. आणि माझ्या मनात आलं — एकदाच. घरी पोचायच्या आधी एकदाच मोकळं चालवावं.

मी हात वर केला आणि उजवा आरसा आत वळवला.

नुसता हाताने. एका सेकंदाचं काम. आता त्यात रस्ता दिसत नव्हता, माझाच खांदा दिसत होता. डाव्या बाजूचा आरसा नेपाळातच फुटला होता. म्हणजे मागचं काही दिसायचा प्रश्नच उरला नाही. आणि मी गाडी सोडली.

काय सुख होतं ते. हे तुमच्यापासून लपवणार नाही. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने गाणं म्हणत होतो.

मनसरला आलो तेव्हा अशोक टपरीवर बसलेला होता. त्याने विचारलं, "मधू कुठं आहे?"

मी म्हणालो, "येऊन राहिला ना मागंच."

मागे पाहिलंच नव्हतं तर हे कशावरून म्हणालो मी? चहा घेतला. आरसा मी गाडीवरून उतरतानाच सरळ केला होता, कुणाला दिसू नये असा. दुसरा चहा घेतला. अशोक मांडवातल्या एका भांडणाची गोष्ट सांगत होता आणि मी हसत होतो, रस्त्याकडे बघत. शेवटी अशोकच उठला. "चाल गा. हे काही बरोबर नाही."

तो सापडला मनसरहून मागे जाताना, खवाशाच्या जरा अलीकडे, भिंत संपते तिथे. गाडी स्टँडवर नव्हती, आडवी पडलेली होती. मधू मैलाच्या दगडाला टेकून बसला होता. हेल्मेट मांडीवर. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं. डावा हात मांडीशेजारी पडलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. आम्हाला पाहून तो हसला, अर्धाच. आणि जड जिभेने म्हणाला, "आला का? मले माहीत होतं."

गाडीचा दिवा बंद होता.

पुढे त्याला बोलता यायला लागल्यावर त्याने सगळं सांगितलं. चालता चालता डाव्या हाताला क्लच दाबला जाईना. त्याला वाटलं मुंग्या आल्या. मग पायही ऐकेना. त्याने उजव्या हाताने आधी दिवा बंद केला आणि मग गाडी बाजूला घेतली. आधी दिवा! फोन खिशातच होता. रेंजही होती. शैलावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला विचारलं, अहो मग फोन काहून नाही केला? तर म्हणाला, "कशाले? दिवा बंद केला होता ना मी."

दोन गाड्या थांबल्या होत्या त्याच्यासाठी. त्याने हातानेच जा म्हणून सांगितलं. दोस्त येऊन राहिला म्हणाला.

मी हे लिहितो आणि हात थांबतो. तरी पुढचं सांगायचंच आहे, कारण मूळ गोष्ट अजून आलेलीच नाही.

अशोकने रस्त्यात उभं राहून एक जीप थांबवली. त्याची आणि मधूची गाडी तिथेच कडेला लावून ठेवली. तो मधूला मांडीवर घेऊन बसला, मधूच्या बॅगा माझ्या गाडीला बांधल्या, आणि मी जीपच्या मागे मागे नागपूरपर्यंत आलो. आरसा सरळ होता. मागे कुणीच नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. आधी आणलं असतं तर हात परत आला असता का? सांगता येत नाही, असंही तेच म्हणाले. हे दुसरं वाक्य मी खूप वर्षं उशाशी घेऊन झोपलो. त्याने झोप आली नाही. जो वेळ गेला तो मीच घालवलेला नव्हता का?

संध्याकाळी बाहेरच्या बाकावर अशोकने विचारलं. ओरडून नाही. ज्याला माईक लागत नाही त्याने कुजबुजत विचारलं, "तुले आरशात दिसलं नाही का गा?"

आणि मी म्हणालो, "सिवनीच्या खड्ड्यांत आरशाचा नट सैल झाला होता. आरसा फिरून गेला असंल, लक्षात नाही आलं."

हे तोंडातून गेलं. जाऊ शकतं माणसाच्या तोंडातून, घाबरलेला असतो तेव्हा. एवढ्यावर थांबलो असतो तरी कदाचित — नाही, ते राहू द्या. मी थांबलो नाही. पाणी आणतो म्हणून खाली पार्किंगमध्ये गेलो. मधूच्या बॅगेत त्याची हत्यारांची पिशवी होती, खाकी, त्याच्या दुकानातली. तिच्यातून चौदाचा पाना काढला. आणि माझ्या आरशाचा नट — जो घट्ट होता, चांगला घट्ट होता, प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी मधूनेच कसून दिला होता — तो मी सैल केला. वर मधू त्या अवस्थेत पडलेला, आणि खाली मी त्याच्याच पान्याने.

रात्री अशोक खाली आला. त्याने जाता जाता आरशाला बोट लावलं. आरसा गर्रकन फिरला. "खरंच गा," तो म्हणाला. "साला काय रस्ता आहे." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याला वाटलं, आपण उगाच याच्यावर संशय घेतला.

शैलावहिनींनी तर दुसऱ्या दिवशी माझे हात धरले. "भाऊजी, तुम्ही मागं फिरले म्हणून हे दिसून राहिले आम्हाले." मी हात सोडवून घेतले नाहीत.

मधू बरा झाला, बराचसा. बोलणं सुधारलं, पाय ओढत का होईना चालू लागला. डावा हात तेवढा आला नाही. बोटं मिटतात, पण क्लच दाबण्याइतकी नाही. गाडी त्याने विकली. दुकान मुलाने सांभाळलं. आणि दर रविवारी सकाळी तो आमच्या फाटकाशी यायला लागला. मी गाडी काढायची, त्याने मागे बसायचं, आणि आम्ही तर्री-पोहे खायला जायचं.

पण बसण्याआधी तो एक काम करायचा. खिशातून चौदाचा पाना काढायचा. तोच. माझ्या आरशाच्या नटाला लावायचा आणि एका हाताने कसायचा. नट कधीच सैल नसे. तरी कसायचा. जीभ दातांत धरून, मन लावून. मग आरसा हलवून बघायचा आणि म्हणायचा, "आता नाही फिरत. तू काळजी नको करू."

आधी मला वाटलं, त्याला कळलंय आणि तो मला टोचून दाखवतोय. तसं असतं तर किती बरं झालं असतं. पण मधूला टोचता येत नाही. एकदा पोह्याच्या गाडीवर अशोक त्याला म्हणाला, "अबे, त्या नटाचे आटे घासून टाकशील तू एक दिवस." तर हा गंभीरपणे म्हणाला, "याच्या मनात राहून गेलं आहे ते. मी कसलं म्हणजे याले बरं वाटते."

कळलं का? तो माझ्यासाठी कसत होता. माझ्या खोट्याला तो दर रविवारी स्वतःच्या एका धड हाताने घट्ट करत होता, मला बरं वाटावं म्हणून. आणि मागे बसला की आरशात तो पूर्ण दिसायचा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, तेच अर्धं हसू. विचारायचा, "दिसून राहिलो ना?" मी म्हणायचो, हो.

मी त्याला कितीदा सांगू शकलो असतो. रस्ता सरळ, तो मागे, माझं तोंड पुढे. डोळ्याला डोळा द्यायचीही गरज नव्हती. प्रत्येक रविवारी तोंड उघडायचो आणि पोह्यांचं काहीतरी बोलायचो. का? तो रागावेल म्हणून? तो रागावणार नाही, हे मला माहीत होतं. तो पुन्हा कधी "मले माहीत होतं" म्हणणार नाही, याची भीती होती. एवढं एक वाक्य राखायला मी त्याला इतकी वर्षं फसवलं.

मागच्या महिन्यात मधू आणि शैलावहिनी कायमचे कुहीला राहायला गेले. भाऊ एकटा पडला, धानाकडे बघायला कुणी हवं, आणि मधूला आता शहराचा आवाज सोसत नाही. जायच्या दिवशी तो फाटकाशी आला. नट कसला. मग पाना माझ्या हातात ठेवला.

"आता तूच पाहत जाजो," म्हणाला. "महिन्यातून एकदा. विसरजो नको."

पाना माझ्या टेबलावर आहे. त्याच्या दांड्यावरचा रंग मधूच्या अंगठ्याने गेलेला आहे, एकाच जागी.

आरसा सैल नव्हता. मी तो हाताने वळवला, मला मोकळं चालवायचं होतं म्हणून. मग सैल केला, मला कुणी काही म्हणू नये म्हणून. हे मी उद्या कुहीला जाऊन त्याला याच शब्दांत सांगणार आहे. तो काय म्हणेल मला माहीत नाही. त्याने काही म्हणावं असंही नाही.

पाना त्याचा आहे. तो परत द्यायचा आहे.