अस्वलाला ऐकू जावं म्हणून

डोरीन कोस्तिन्युक शाळेची बस चालवून निवृत्त झाली आणि दर मंगळवारी एकटीच डोंगर चढू लागली. आमच्याकडे, कॅनडातल्या रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, जंगलात गप्प चालून भागत नाही. माणसाची चाहूल आधीच लागली तर अस्वल आपणहून वाट सोडतं. म्हणून कुणी गातं, कुणी टाळ्या वाजवतं. डोरीनला गाता येत नव्हतं. ती नणंदेचा उद्धार करायची.

नणंद म्हणजे माझी शेजारीण, स्टेफ्का. डोरीनचा नवरा मेट्रो वारला, तेव्हा चर्चच्या तळघरातल्या जेवणाला डोरीननं बटाटा भरून उकडलेल्या पेरोही केल्या होत्या. स्टेफ्का जेवता जेवता सर्वांदेखत म्हणाली, "पारी जरा जाडच झालीय." तेव्हापासून दोघींत बोलणं नव्हतं. गावात दुकान एकच. एक पिठापाशी दिसली की दुसरी साबणापाशी थांबायची.

त्या सप्टेंबरात लार्चची झाडं पिवळीधमक झाली होती. डोरीन चढावर धापा टाकत ओरडत होती, "भावाच्या मयताला आली ती जेवायलाच! दोनदा ताट भरून घेतलं, आणि वर पारी जाड म्हणे!"

वळणापलीकडून आवाज आला, "तीनदा."

आडव्या पडलेल्या खोडावर बसून स्टेफ्का बुटाची नाडी बांधत होती.

"तू इथं काय करतेयस?"

"पानं बघायला आलेय. डोंगर काय तुझ्या बापाचा आहे?"

"मी अस्वलासाठी बोलत होते."

"कळलं असेल त्याला. माझं नावगाव, सगळंच."

वर जायला वाट एकच. दोघी भांडतच चढल्या. वर तळ्यापाशी पोचल्या तेव्हा वारा पडला होता. पाण्यात पिवळी झाडं उलटी उभी होती, मागच्या सुळक्यावर नवं बर्फ होतं. भांडण तिथंच थांबलं.

बऱ्याच वेळानं स्टेफ्कानं विचारलं, "मेट्रोला आणलं होतंस कधी इथं?"

"सोफ्यावरून उठला असता तर आणलं असतं."

स्टेफ्का हसली, मग रडली. डोरीननं तिला रुमाल दिला. पुन्हा सगळं शांत झालं, आणि रानबेरीच्या झुडपातून एक भलंमोठं अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं.

अशा वेळी पळायचं नसतं. बोलत बोलत हळूच मागं सरायचं असतं. डोरीनची वाचा बसली. स्टेफ्कानं तिचा दंड धरला आणि अस्वलाला शांतपणे सांगितलं, "ही माझी भावजय. हिला खाल्लंस तरी तुला पचायची नाही. आम्ही निघालोच."

अस्वलानं थोडं हुंगलं आणि ते पुन्हा बेरी खाऊ लागलं.

पुढं कित्येक वर्षं दर मंगळवारी दोघी जोडीनं जात राहिल्या. यंदा स्टेफ्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून डोरीन तिला नदीकाठच्या सपाट वाटेवर फिरवते. परवा मीही सोबत गेले. थोडं चाललो असू, तोच दोघी एकदम म्हणाल्या, "तू जरा मागून ये बाई, फार बोलतेस."