एकोमधून आलेलं नाव

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पोशीरला माझा साउंड सिस्टिमचा धंदा आहे आणि आमच्या धंद्यात भूत म्हणजे लूज कनेक्शन, नाहीतर कोणाचा तरी चावटपणा. त्यामुळे गेल्या मे महिन्यात जे झालं, त्यामागे मी आधी माणूसच शोधला... अजून शोधतोय.

माझी आत्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. आमच्याकडे लग्नातले विधी तिच्या गाण्यावर चालतात. पण वर्षभरापासून तिला मधल्या ओळी आठवेनाशा झाल्या. म्हातारीला आता घरी बसवा, अशी बायकांची कुजबुज सुरू झाली होती. गाणं सुटलं तर आत्या खचेल, याची मला धास्ती होती. म्हणून मी एक चोरटी युक्ती काढली. ती अडखळली की एकोचं बटण चढवायचं. तिचीच मागची ओळ घुमत राहते, तेवढ्यात तिला पुढचं सुचतं.

त्या दिवशी हळद कुंभिवलीच्या बाजूला होती. दुपारचे चार. हळद लावायला घरच्या बायकांना धवल्यात नावानं बोलावतात. नावं आत्याला आधी सांगून ठेवली होती. तीन नावं झाली आणि ती थांबली. मी बटण फिरवलं, जरा जास्तच. असं झालं की स्पीकर बॉक्सचा आवाज माइकमध्ये शिरतो, मशीन तो अर्धा सेकंद धरून परत सोडतं, तो पुन्हा माइकमध्ये. आधी नुसती शिट्टी वाजते. त्यापुढे गेलं की सगळा कालवा... एकदा आला तसा पुन्हा येत नाही. पण मशीन शेवटी पोपटच, कानावर पडलं नाही ते बोलणार कुठून?

त्या कालव्यातून आत्याच्याच आवाजात, अगदी चालीत ओळ आली – "ये गं शेवंते मांडवात."

मी बटण शून्यावर आणलं. नवरदेवाचे वडील आत्यासमोर येऊन उभे राहिले. "शेवंती माजी बहीन. पळून गेली तवापासून या घरात तिचं नाव कोनी घेत नाय. तुमाला कोनी सांगितलं?"

आत्या शांतपणे म्हणाली, "मी म्हटलं. घरच्या लेकीला हलदीला बोलवायचं नाय, तं कोनाला?"

ते मागे फिरून खुर्चीत बसले आणि टॉवेलने डोळे पुसू लागले.

मला पहिला संशय आत्याचाच आला. पण बटण कधी फिरवायचं ते कळायला माझी नजर कायम तिच्या ओठांवर असते... आणि ते बंद होते. मग वाटलं, कोणीतरी रेकॉर्डिंग घुसवलं. पेनड्राइव्ह माझ्याच खिशात होता, ब्लूटूथ त्या मशीनला नाहीच. निघण्याआधी व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्यात तीनदा पाहिलं. ओळ येते तेव्हा माइक आत्याच्या मांडीवर आहे आणि ती नुसती बावरून बघतेय.

परतताना टेंपो चौक गावाच्या पुढे आल्यावर तिनं विचारलं, "रं, ती ओल मीच म्हटली ना? मला आठवत नाय."

"तूच म्हटलीस, आत्या."

"मंग अजून जमतंय मला," म्हणाली आणि सीटला डोकं टेकून झोपली.

ती ओळ कोणी म्हटली, हे मला आजही माहीत नाही. उद्या कळलं, तरी ते आत्याला सांगायची माझी छाती होणार नाही.